लंगस्टार चाचणी: कोलेस्टेरॉलची गोळी, केमो आणि ८४६ रुग्ण

प्रकरण थोडक्यात

२००७ ते २०१२ या काळात ब्रिटनमधल्या ९१ रुग्णालयांत फुप्फुसाच्या एका अतिशय आक्रमक कर्करोगाचे ८४६ रुग्ण एका चाचणीत दाखल झाले. सगळ्यांना नेहमीची केमो मिळाली. शिवाय रोज एक गोळी मिळाली. निम्म्यांच्या गोळीत प्रवास्टॅटिन होते, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे, हृदयरुग्णांना वर्षानुवर्षे दिले जाणारे औषध. उरलेल्यांच्या गोळीत औषध नव्हते. कुणाच्या वाट्याला कोणती गोळी आली हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि त्याच्या डॉक्टरलाही नव्हते. चाचणीचे नाव लंगस्टार. निकाल २०१७ मध्ये छापून आला: फायदा काहीच नाही.

असे निकाल फारसे कुणी वाचत नाही. ‘कोलेस्टेरॉलच्या गोळीने केमोला न जुमानणारा कॅन्सर मेला’ ही प्रयोगशाळेतली बातमी मात्र दर वर्षी नव्या अवयवाचे नाव लावून फिरते. आपल्याकडे घरोघरी अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनची पाकिटे असल्यामुळे तिच्यावर विश्वासही पटकन बसतो. म्हणून ही चाचणी नीट उलगडून पाहिली आहे. रुग्ण अर्थातच निनावी आहेत आणि संशोधकांची नावेही घेतलेली नाहीत, कारण रस निर्णयांत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गोळी निवडताना जे गुण पाहिले गेले ते रुग्णाला जपणारे होते. नेमक्या त्याच गुणांमुळे ती गाठीच्या आत शिरण्याची शक्यता कमी होती.

पार्श्वभूमी: आजार

हा लघुपेशी फुप्फुस कर्करोग, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘स्मॉल सेल’. तो बहुतेक वेळा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो आणि इतक्या झपाट्याने पसरतो की निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते. गंमत अशी, की सुरुवातीला तो केमोला फार चांगली दाद देतो. एटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन ही जोडी दिली की बहुतेकांची गाठ आक्रसते, दम लागणे कमी होते, चेहऱ्यावरची सूज उतरते. घरच्यांना वाटते, सुटलो.

मग काही महिन्यांत आजार उलटतो. या वेळी तो पूर्वीच्या औषधांना जुमानत नाही आणि दुसऱ्या फळीच्या औषधांनाही फारसे नाही. १९८० च्या दशकात रूढ झालेली औषधांची जोडी २००७ मध्येही तशीच चालू होती. मधल्या काळात अनेक नवी औषधे तिच्यात मिसळून पाहिली गेली, पण कुणाचाच ठसा उमटला नाही. केमोला प्रतिरोध कसा निर्माण होतो हे पाहायचे तर यापेक्षा ठळक उदाहरण सापडणे कठीण: आधी पूर्ण शरणागती, नंतर पूर्ण बंड.

पार्श्वभूमी: औषध

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या औषधांच्या कुळाला स्टॅटिन म्हणतात. त्याचा जन्म बुरशीतून झाला. अकिरा एंडो या जपानी संशोधकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सांक्यो कंपनीत हजारो बुरशी तपासल्या आणि एका पेनिसिलियममधून कॉम्पॅक्टिन वेगळे काढले. हे पहिले स्टॅटिन औषध म्हणून कधी बाजारात आलेच नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत गाठी दिसल्याची शंका आली आणि १९८० मध्ये काम थांबले. त्या धास्तीने अमेरिकेतल्या मर्क कंपनीनेही आपल्या लोव्हास्टॅटिनच्या चाचण्या काही काळ आवरत्या घेतल्या. पुढे शंका फिटली आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली. ज्या औषधांवर कर्करोग घडवल्याचा संशय होता, तीच कर्करोगावर वापरून पाहावीत असे नंतर लोक म्हणू लागले. वैद्यकात असे फिरलेले पारडे नवे नाही.

ही औषधे पेशीतल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात. हा विकर मेव्हॅलोनेट नावाचा पदार्थ तयार करतो, आणि मेव्हॅलोनेटपासून पुढे कोलेस्टेरॉल बनते. पण या मार्गावर कोलेस्टेरॉल एकटे नसते. चाळीच्या पाण्याची मुख्य वाहिनी बंद केली की फक्त स्वयंपाकघरातला नळ कोरडा पडत नाही, न्हाणीतला आणि अंगणातलाही पडतो. तसे मेव्हॅलोनेट अडवले की फार्नेसिल आणि जेरानिलजेरानिल या मेदाच्या छोट्या शेपट्याही कमी पडतात. पेशीतली काही प्रथिने या शेपट्या लावल्याशिवाय पेशीच्या पडद्याला चिकटूच शकत नाहीत, आणि तिथे चिकटल्याशिवाय त्यांना काम करता येत नाही. रास आणि ऱ्हो ही त्यांतली दोन कुळे. वाढ, पेशीची हालचाल, मरणापासून बचाव, या सगळ्यांचे संदेश त्यांच्यामार्फत जातात. कर्करोगाच्या पेशी याच संदेशांवर तगून असतात.

कल्पना इथून आली. कोलेस्टेरॉलशी तिचा संबंध जवळजवळ योगायोगाचा आहे.

अडचण

केमोचा मारा सोसूनही काही पेशी जगतात, कारण आजूबाजूच्या वाढकारक प्रथिनांकडून त्यांना ‘मरू नका’ असा संदेश येत राहतो. लघुपेशी कर्करोगात हे संदेश बऱ्याच अंशी रास कुळातून जातात. लंडनमधल्या एका गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात या पेशींवर सिम्वास्टॅटिन टाकले. वाढ थांबली, पेशी मरू लागल्या आणि एटोपोसाइडचा मारा जास्त परिणामकारक ठरला.

म्हणजे हाताशी तीन गोष्टी होत्या: वीस-पंचवीस वर्षे जागचा न हललेला आजार, त्याच्या प्रतिरोधावर बोट ठेवणारी जैविक यंत्रणा, आणि पेटंट संपलेले, स्वस्त, कोट्यवधी लोकांनी पचवलेले औषध. अशा वेळी चाचणी न करणे हेच अवघड झाले असते. प्रश्न होता तो कशी करायची याचा.

कोणते पर्याय होते

पहिला निर्णय: कोणते स्टॅटिन. प्रयोगशाळेत वापरलेले सिम्वास्टॅटिन मेदात विरघळते, त्यामुळे पेशींच्या पडद्यातून सहज आत जाते. पण यकृतात त्याचा निचरा सीवायपी ३ए४ या विकरातून होतो, आणि एटोपोसाइडसुद्धा काही प्रमाणात त्याच वाटेने जाते. केमोच्या रुग्णाला मधूनमधून बुरशीविरोधी औषध किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक द्यावे लागते, आणि ही औषधे तोच विकर बंद पाडतात. मग सिम्वास्टॅटिन रक्तात साचते आणि स्नायू विरघळण्याचा धोका वाढतो. हा धोका पुस्तकी नव्हता. सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन याच कारणाने २००१ मध्ये जगभरच्या बाजारातून मागे घेतले गेले होते, आणि आठवण ताजी होती.

प्रवास्टॅटिनच्या बाजूने दोन भक्कम कारणे होती. ते पाण्यात विरघळते आणि सीवायपी ३ए४ च्या वाटेने जात नाही, त्यामुळे केमोशी त्याची टक्कर होण्याची भीती कमी. दुसरे कारण म्हणजे आधीचा पुरावा. ओसाकाच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत यकृताच्या, शस्त्रक्रिया न करता येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ४० मिलिग्रॅम प्रवास्टॅटिन देऊन पाहिले होते. चिठ्ठी टाकून पाडलेल्या दोन गटांत मिळून ८३ रुग्ण होते. प्रवास्टॅटिनच्या गटात जगण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, १८ महिने आला, दुसऱ्या गटात ९. दुप्पट! एवढा आकडा समोर असताना कोणता डॉक्टर मोहात पडणार नाही?

इथे थोडे थांबावे लागते. प्रवास्टॅटिन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे साध्या पेशीच्या मेदाळ पडद्यातून आपोआप आत जात नाही. त्याला वाहक प्रथिने लागतात, आणि ती मुख्यतः यकृताच्या पेशींवर असतात. म्हणूनच ते यकृतात साचते, बाकी शरीराला कमी त्रास देते आणि सुरक्षित ठरते. ओसाकातली गाठ यकृताची होती, म्हणजे जिथे हे औषध शिरते नेमक्या त्या अवयवाची. ब्रिटनमधली गाठ फुप्फुसाची होती. एका अवयवातला पुरावा दुसऱ्या अवयवात नेताना वाहक प्रथिनांचा प्रश्न सोबत जातो, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात निर्णायक वळणबिंदू हाच होता.

दुसरा निर्णय: डोस किती. ४० मिलिग्रॅम हा हृदयरुग्णांचा नेहमीचा डोस. तो घेतल्यावर रक्तात प्रवास्टॅटिनचे प्रमाण साधारण मायक्रोमोलरच्या (द्रवात औषध किती आहे ते मोजायचे एकक) दहाव्या भागाच्या आसपास जाते आणि काही तासांत उतरते. काचेच्या ताटलीत कर्कपेशी मारणाऱ्या स्टॅटिनचे प्रमाण बहुतेक प्रयोगांत एक ते दहा मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त असते, आणि तेही दोन-तीन दिवस सलग. हे अंतर मोठे आहे.

ते अंतर भरून काढायचा प्रयत्न आधी झाला होता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या डॉक्टरांनी ८८ रुग्णांना लोव्हास्टॅटिन वजनाच्या दर किलोमागे २ ते ४५ मिलिग्रॅम असे दिले, महिन्यातून सात दिवस. साठ किलोच्या माणसाला वरचा डोस २७०० मिलिग्रॅम होतो, जेव्हा कोलेस्टेरॉलसाठी ८० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. रक्तात मायक्रोमोलरपर्यंतचे प्रमाण गाठता आले. स्नायूंना त्रास झाला आणि तो टाळण्यासाठी युबिक्विनोन, म्हणजे आपल्याकडे ‘कोक्यू टेन’ म्हणून विकले जाते ते, सोबत द्यावे लागले. गाठीवर परिणाम? मेंदूच्या गाठीच्या एका रुग्णात किंचित. एवढाच. पण त्या चाचणीचा हेतू किती डोस सोसवतो हे पाहण्याचा होता आणि त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते: थोड्या दिवसांसाठी खूप जास्त डोस देता येतो.

तेव्हा दोन वाटा होत्या. रोज थोडे, महिनोन्‌महिने. किंवा केमोच्या दिवसांपुरते भरपूर. दुसऱ्या वाटेने जायचे तर प्रत्येक रुग्णावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागते, आणि नव्वद रुग्णालयांत ते शक्य होत नाही. पहिली वाट कुणालाही पेलण्यासारखी होती.

तिसरा निर्णय: आधी लहान चाचणी की थेट मोठी. लहान चाचण्यांनी या आजारात पुष्कळदा फसवले होते. तीस-चाळीस जणांत काहीतरी चमकते आणि मोठ्या चाचणीत विझून जाते. त्या अर्थी थेट मोठी, अंध (कोणाला कोणती गोळी हे गुप्त ठेवणारी), निष्क्रिय गोळीशी तुलना करणारी चाचणी हा धाडसी आणि प्रामाणिक निर्णय होता. मुख्य मोजमाप ठेवले तेही सर्वांत कठोर: रुग्ण किती जगला. गाठीचा आकार, रक्तातले सूचक वगैरे मधली मापे निकाल ठरवणार नव्हती.

चौथा प्रश्न होता रुग्ण निवडण्याचा. सगळ्यांना घ्यायचे, की ज्यांच्या गाठी या मार्गावर जास्त विसंबून आहेत अशांनाच? तशी निवड करायला सोपी, खात्रीची कसोटी लघुपेशी कर्करोगात तेव्हा हाताशी नव्हती. दार सगळ्यांना उघडे ठेवले गेले, आजार छातीच्या एका बाजूपुरता असलेल्यांना आणि सर्वत्र पसरलेल्यांनाही.

काय केले

मर्यादित आजाराचे सुमारे ४३ टक्के आणि पसरलेल्या आजाराचे ५७ टक्के रुग्ण आले. दर तीन आठवड्यांनी केमो, जास्तीत जास्त सहा फेऱ्या. गोळी रोज एक, आजार पुढे सरकेपर्यंत किंवा ती सोसेनाशी होईपर्यंत. खर्च मुख्यतः कॅन्सर रिसर्च यूके या धर्मादाय संस्थेने उचलला. पेटंट संपलेल्या गोळीमागे कुठलीही कंपनी पैसे घालत नाही, त्यामुळे अशा चाचण्या देणग्यांवर किंवा सरकारी निधीवरच उभ्या राहतात.

भरती पुरी व्हायला पाच वर्षे लागली. ती संपली त्याच वर्षी, २०१२ मध्ये, डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरचा एक मोठा अभ्यास गाजला. निदानाआधीपासून स्टॅटिन घेणारे १८,७२१ कर्करुग्ण आणि कधीच न घेतलेले पावणेतीन लाखांहून अधिक, अशी तुलना होती. घेणाऱ्यांचा मृत्युदर १५ टक्क्यांनी कमी आला. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. त्या दिवसांत लंगस्टारच्या निकालाची वाट पाहणाऱ्यांना धीर आला असेल तर नवल नाही.

पण नोंदींवरच्या अभ्यासात एक खोट सतत डोकावते. स्टॅटिन घेणारा माणूस बहुधा डॉक्टरकडे नियमित जाणारा असतो. जो अखेरच्या टप्प्यावर आहे त्याची कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर आधी बंद करतात. आणि जो जास्त जगतो त्यालाच ती सुरू होण्याइतका वेळ मिळतो. २०१८ मध्ये मेडिकेअर या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदी वापरून, काळाचा हा घोळ टाळून, चाचणीसारखी मांडणी करून पाहिली तेव्हा जगण्यातला फायदा उरला नाही.

निकाल

जगण्याचा मध्यक काळ प्रवास्टॅटिन गटात १०.७ महिने, निष्क्रिय गोळीच्या गटात १०.६. दोन वर्षे जगलेले अनुक्रमे १३.२ आणि १४.१ टक्के. विश्लेषण झाले तोवर ८४६ पैकी ७५८ रुग्ण दगावले होते, म्हणजे ‘अजून थोडे थांबलो असतो तर फरक दिसला असता’ अशी पळवाटही उरली नव्हती. दोन्ही गटांत दुष्परिणाम सारखेच होते. गोळी अगदी सुरक्षित ठरली.

या प्रकरणात मला सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. साडेआठशे गंभीर रुग्ण, जोरकस केमो, महिनोन्‌महिने औषध, आणि तरी स्नायूंचा किंवा यकृताचा जास्तीचा त्रास नाही. औषध कुठे पोहोचत होते आणि कुठे नाही, याचा काही अंदाज यावरूनच बांधता येतो.

फ्रान्समध्ये यकृताच्या कर्करोगात सोराफेनिब या नेहमीच्या औषधाबरोबर प्रवास्टॅटिन देऊन पाहिले, तेही ओसाकाच्या आधारावर. ३२३ रुग्ण, १०.७ विरुद्ध १०.५ महिने. म्हणजे जिथे औषध शिरते त्या अवयवातही ओसाकाचा दुप्पट आकडा पुन्हा दिसला नाही. लहान चाचणीने फसवले होते असे म्हणायला इथे जागा आहे.

का चालले नाही

‘चुकीचे स्टॅटिन निवडले’ एवढे म्हणून सुटता येत नाही. दक्षिण कोरियात सिम्वास्टॅटिन, म्हणजे मेदात विरघळणारे, रोज ४० मिलिग्रॅम घेऊन दोन मोठ्या अंध चाचण्या झाल्या. एक जठराच्या कर्करोगात २४४ रुग्णांवर, दुसरी मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात २६९ रुग्णांवर. दोन्हींत केमोला जोड मिळाली नाही. तेव्हा पडदा ओलांडणारे औषध घेतले तरी हृदयरुग्णाचा डोस कमीच पडतो, अशी शंका घ्यायला हरकत नाही. तोंडाने घेतलेल्या स्टॅटिनचा मोठा वाटा पहिल्याच फेरीत यकृत खेचून घेते. हृदयासाठी ते उत्तम, कारण कोलेस्टेरॉल तिथेच बनते. फुप्फुसातल्या किंवा आतड्यातल्या गाठीच्या वाट्याला जे येते ते फार थोडे.

तिसरे कारण पेशीच्या स्वभावात आहे. मेव्हॅलोनेट कमी पडले की पेशी एक नियंत्रक प्रथिन जागे करते आणि अडवलेला विकर आणखी बनवू लागते, शिवाय बाहेरून कोलेस्टेरॉल ओढून घेण्याची सोयही वाढवते. स्टॅटिनमुळे रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते ते याच प्रतिक्रियेमुळे: यकृताच्या पेशी रक्तातून ते खेचून घेतात. हृदयाला जी प्रतिक्रिया फायद्याची, तीच कर्कपेशीला तगवते. डोस कमी असेल तर पेशी ही तूट सहज भरून काढते.

स्वीडनमध्ये हे प्रत्यक्ष गाठीत पाहिले गेले. लुंडच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांना शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अटोर्व्हास्टॅटिन रोज ८० मिलिग्रॅम दिले आणि आधीच्या व नंतरच्या ऊतींची तुलना केली. गाठींत विकराचे प्रमाण वाढलेले दिसले, म्हणजे औषध तिथवर पोहोचले होते आणि पेशीने त्याला उत्तर दिले होते. पेशी विभागण्याचा वेग सरसकट सगळ्यांत लक्षणीय उतरला नाही. ज्यांच्या गाठीत सुरुवातीपासून तो विकर होता त्यांच्यातच उतरला.

वेगळे काय करता आले असते

लुंडसारखी पायरी आधी घेतली असती तर बरे झाले असते, असे म्हणणे सोपे आहे. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया होतेच, ऊती हाती येतात. लघुपेशी कर्करोगाचा रुग्ण मात्र दम लागत असताना येतो, केमो दोन-चार दिवसांत सुरू करावी लागते, आणि दुर्बिणीतून घेतलेला तुकडा निदानालाच जेमतेम पुरतो. दोन आठवडे फक्त गोळी देऊन पाहू, असे त्याला सांगता येत नाही. तरीही वीस-तीस रुग्णांत, मानेतल्या सुजलेल्या गाठीसारख्या हाताला लागणाऱ्या जागेतून केमोच्या पहिल्या फेरीआधी आणि नंतर तुकडा घेऊन रास प्रथिनाला शेपटी लागते की नाही हे पाहता आले असते. उत्तर ‘लागते’ असे आले असते तर डोस किंवा औषध बदलून पुढे जाता आले असते. आठशे जणांची चाचणी त्यानंतर.

डोसच्या बाबतीत रक्ताच्या कर्करोगवाल्यांनी दुसरी वाट धरली. केमोचा मारा झाला की तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी स्वतःतले कोलेस्टेरॉल वाढवतात आणि बचावतात, असे प्रयोगशाळेत दिसले होते. त्यावरून कर्करोगाच्या चाचण्या घेणाऱ्या अमेरिकेतल्या स्वॉग गटाने आजार उलटलेल्या ३६ रुग्णांना प्रवास्टॅटिनच दिले, पण रोज १२८० मिलिग्रॅम, आठ दिवस, इडारुबिसिन आणि सायटाराबिन या केमोच्या औषधांच्या आगेमागे. लंगस्टारच्या बत्तीसपट. त्याआधी पहिल्या टप्प्यात डोस पायरीपायरीने १६८० पर्यंत नेऊन पाहिला होता. तीन चतुर्थांश रुग्णांत आजार ओसरला आणि ठरवलेला टप्पा गाठल्याने चाचणी थांबवली. तुलनेचा गट नव्हता, आणि अधिक वाईट स्थितीतल्या रुग्णांत पुढे तेच करून पाहिले तेव्हा अपेक्षित यश आले नाही. तरी औषध तेच ठेवून डोस, वेळ आणि आजार बदलले तर चित्र किती बदलू शकते, ते इथे दिसते. ल्युकेमियाच्या पेशी रक्तात आणि मज्जेत असतात, औषधाला त्या गाठणे सोपे जाते. फुप्फुसातल्या घट्ट गाठीचे तसे नाही.

आणखी एक वाट म्हणजे पेशीची तूट भरून काढण्याची सोयच तोडणे. टोरांटोच्या एका प्रयोगशाळेने दाखवले की डायपिरिडॅमोल, रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी दिले जाणारे जुने औषध, ते नियंत्रक प्रथिन जागे होऊ देत नाही, आणि स्टॅटिनबरोबर दिले तर कर्कपेशी जास्त मरतात. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन आणि बोस्टनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये स्टॅटिनची जोडी व्हेनेटोक्लॅक्स या रक्ताच्या कर्करोगाच्या औषधाशी लावली: जेरानिलजेरानिल कमी पडल्याने पेशी मरणाच्या उंबरठ्यावर येते आणि व्हेनेटोक्लॅक्स तिला पलीकडे ढकलते. व्हेनेटोक्लॅक्सच्या जुन्या चाचण्यांतल्या ज्या लिम्फोसाइटिक ल्युकेमियाच्या रुग्णांना आधीच स्टॅटिन चालू होते, त्यांच्यात आजार पूर्ण ओसरण्याचे प्रमाण जास्त निघाले. पण तेही नोंदीतले निरीक्षण, डेन्मार्कच्याच जातीचे. डेन्मार्कमध्ये आता लवकर सापडलेल्या स्तनाच्या कर्करोगात तीन हजारांहून अधिक स्त्रियांवर अटोर्व्हास्टॅटिनची चिठ्ठी टाकून चाचणी सुरू आहे. तिथे प्रश्न प्रतिरोध मोडण्याचा नसून आजार पुन्हा येऊ न देण्याचा आहे.

स्वस्त जुनी औषधे कर्करोगात कधीच चालत नाहीत, असा निष्कर्षही काढू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात तोंडाने घ्यायचे कमी डोसचे मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक ही जोडी सिसप्लॅटिनशी तोलली. ४२२ रुग्ण, ७.५ विरुद्ध ६.१ महिने, २०२० मध्ये प्रसिद्ध. त्या जोडीचा डोस आणि अंतर आधीच्या लहान चाचण्यांत घासून-पुसून ठरले होते, आणि मेथोट्रेक्सेट हे मुळात कर्करोगाचेच औषध. स्टॅटिनच्या बाबतीत हा पाया घालायचा राहिला होता.

रुग्णांच्या दृष्टीने

लंगस्टारनंतर लघुपेशी कर्करोगाच्या उपचारात स्टॅटिनला जागा मिळाली नाही. बदल दुसऱ्या बाजूने आला. २०१८ मध्ये छापून आलेल्या चाचणीत केमोबरोबर अटेझोलिझुमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणारे औषध, दिल्यावर पसरलेल्या आजारात मध्यक काळ १०.३ वरून १२.३ महिन्यांवर गेला. दोन महिने. या आजारात तेवढ्याला मोठे यश म्हणतात. २०२४ मध्ये अमेरिकेत टार्लाटामॅब या त्याच धाटणीच्या, प्रतिकारशक्ती वापरणाऱ्या औषधाला परवानगी मिळाली, तेही केमोनंतर आजार उलटलेल्यांसाठी.

हृदयासाठी किंवा मधुमेहामुळे ज्यांना आधीच स्टॅटिन चालू आहे, त्यांनी कर्करोगाचे निदान झाले म्हणून ते स्वतःहून बंद करू नये आणि वाढवूही नये. पण पाकीट कर्करोगतज्ज्ञाला दाखवावे. स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे रायबोसिक्लिब, ल्युकेमियातले इमॅटिनिब, मधूनच लिहून दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनॅझोल यांच्यामुळे सिम्वास्टॅटिन आणि काही प्रमाणात अटोर्व्हास्टॅटिन रक्तात साचू शकते. मांड्या-दंड दुखणे, अशक्तपणा, लघवीचा रंग चहासारखा होणे, यांतले काही दिसले तर पुढच्या केमोच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. डॉक्टर मग रक्तातले क्रिएटिन कायनेज (स्नायूंसाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासतात आणि गरज असेल तर गोळी बदलून रोसुव्हास्टॅटिन किंवा प्रवास्टॅटिन देतात.